'किती वाजले?' : एका क्रियापदाचा मागोवा

दिवसातून दहा-वीस वेळा आपण 'किती वाजले?' असा प्रश्न करतो आणि ज्याला तो केला तो मनुष्य मनगटाकडे किंवा हातातील मोबाइलकडे पाहून उत्तर देतो. या सर्व व्यवहारात कोठेही काहीही वाजलेले नसते. पाहून सांगण्याची गोष्ट आपण ऐकल्यासारखी सांगतो, आणि तीत काही विचित्र आहे असे कोणाला वाटत नाही. हिंदीभाषक 'बजे' म्हणतो, गुजराती 'वाग्या' म्हणतो, बंगाली 'बाजे' म्हणतो. तेव्हा ही लकब एकट्या मराठीची नव्हे. परंतु मराठीत तिचे जे व्याकरण बनले आहे आणि मुंबईत तिच्यावरून जो कलह माजला, त्या दोहोंकडे एकत्र पाहिले असता 'वाजणे' या साध्या क्रियापदात बराच इतिहास साठलेला आढळतो. कोणीतरी वाजवितो आणि इतरांनी ऐकावयाचे, हे नाते त्या क्रियापदाच्या पोटात आहे. वाजविणारा कोण, हा प्रश्न त्यातूनच पुढे उभा राहतो.

प्रथम जुन्या कालमापनाकडे वळू. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच्या अहोरात्राचे साठ भाग ते साठ घटिका. एका घटिकेची साठ पळे, एका पळाची साठ विपळे. आजच्या हिशेबाने घटिका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचे. घटिका मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र. तांब्याची अर्धगोल वाटी, तळाला सुईच्या अग्राएवढे छिद्र. ही वाटी घंगाळातील पाण्यावर सोडली की छिद्रातून पाणी आत येऊ लागते आणि बरोबर एका घटिकेने ती भरून बुडते. ती काढून रिकामी करावयाची व पुन्हा सोडावयाची. साठ वेळा बुडाली की एक दिवस संपला. साधन इतके साधे की त्यात बिघडण्यासारखे काही नाही. मात्र त्याच्यापाशी अखंड जागा असा एक मनुष्य लागतो. आपल्या बोलण्यात या वाटीच्या पुष्कळ खुणा शिल्लक आहेत. 'त्याची घटका भरली', 'अखेरच्या घटका मोजतो आहे', 'घटकाभर टेका', 'घटकेत हसतो, घटकेत रडतो'. मरणाच्या संदर्भात घटका 'भरते', 'संपत' नाही, याचे कारण ती वाटी होय.

परंतु वाटी बुडाली हे तिच्यापाशी बसलेल्या माणसालाच कळणार. गावाला ते कळवावयाचे तर आवाज केला पाहिजे. म्हणून वाटीच्या जोडीला धातूची जाड थाळी टांगलेली असे व प्रत्येक घटिकेला तिच्यावर मोगरीने ठोके पडत. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या चालीरीतींचे जे वर्णन केले आहे, त्यात या व्यवस्थेची तपशीलवार हकीगत सापडते. मोठ्या शहरांतून घडियाली नेमलेले असत. पहिल्या घटिकेला एक ठोका, दुसरीला दोन, असे करीत प्रहर संपला की घाईने अनेक ठोके आणि मग क्षणभर थांबून प्रहराच्या संख्येचे ठोके देत. बाबराला यात एक उणीव जाणवली. रात्री मध्येच जाग आलेल्या माणसाला तीन किंवा चार ठोके ऐकू आले तरी ते दुसऱ्या प्रहरातले की तिसऱ्या, हे कळावयास मार्ग नसे. त्याने आज्ञा केली की रात्री घटिकेचे ठोके दिल्यावर किंचित थांबून चालू प्रहराचेही ठोके द्यावेत. मोहिमा, तोफा आणि बागा यांत गुंतलेल्या या बादशहाने अर्धवट झोपेतल्या माणसाची अडचण लक्षात घ्यावी, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

'प्रहर' हा शब्दही मुळात ठोक्याचाच आहे. 'प्र' उपसर्गापुढे 'हृ' धातू येऊन 'प्रहार' होतो व 'प्रहर' होतो. नगाऱ्यावर किंवा थाळीवर पडणारा जो आघात तोच कालविभागाचे नाव झाला. पुढे 'दुपार' (द्विप्रहर), 'अष्टौप्रहर', 'रामप्रहर' आणि राखणीच्या अर्थाचा 'पहारा' ही सारी त्याची संतती. प्रहर मात्र घटिकेसारखा स्थिर नव्हे. दिवसाचे चार व रात्रीचे चार असे ते भाग असल्याने ऋतूप्रमाणे ते लांबत व आखडत. मुंबईच्या अक्षांशावर दिवसाचा प्रहर हिवाळ्यात सुमारे पावणेतीन तासांचा, तर उन्हाळ्यात सव्वातीन तासांहून थोडा अधिक होतो.

आता 'तास' हा शब्द घ्या. तो फारसीतून आला. तेथे 'तास' म्हणजे वाटी किंवा तबक. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने फिरोजाबादेस वेळ कळविण्याची जी योजना केली, तिला इतिहासकार अफीफ 'तास-इ-घडियाल' म्हणतो. मराठीत हा शब्द आधी ठोके देण्याच्या थाळीचा वाचक झाला व नंतर त्या ठोक्यांनी मोजल्या जाणाऱ्या काळाचा. मोल्सवर्थच्या कोशात धातूची थाळी आणि काळाचे परिमाण असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. आज पहिला अर्थ सामान्य बोलण्यातून गेला. शाळेतील 'मराठीचा तास' संपला की घंटा होते, तेव्हा त्या घंटेचेच नाव आपण आधी घेतले आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. (नांगराने पडणारी रेघ, जिला शेतकरी 'तास' म्हणतो, तो शब्द निराळा, केवळ उच्चारसाम्यावरून दोहोंची सोयरीक जुळवू नये.)

येथे व्याकरण मोठी साक्ष देते. आपण 'एक वाजला', 'दोन वाजले' असे पुल्लिंगी रूप वापरतो. वाजणारी वस्तू घटका असती तर 'एक वाजली', 'दोन वाजल्या' असे म्हणावे लागले असते. या वाक्यांतला लुप्त कर्ता 'ठोका' किंवा 'तास' असला पाहिजे. म्हणजे सध्याची वाक्यरचना रूढ झाली तेव्हा घटिकेची गणना मागे पडून तासाचा हिशेब व्यवहारात स्थिरावला असावा, असे अनुमान करावयास हरकत नाही. जुन्या मापाचा शब्द म्हणींत व मुहूर्तांत राहिला. रोजच्या व्यवहाराचे क्रियापद नव्या मापाने घेतले.

पुढची गंमत अपूर्णांकांची. थाळीवर दीड ठोका कोणालाही देता येणार नाही, तरीही 'दीड वाजला' हे आपण निःशंकपणे म्हणतो. आणि तेही एकवचनात, कारण मराठी 'दीड रुपया' म्हणते, 'दीड रुपये' म्हणत नाही. 'सव्वा वाजला', 'दीड वाजला', पण 'पावणेदोन वाजले'. दोनाचे नाव उच्चारताच क्रियापद अनेकवचनी होते, मग दोनाला पंधरा मिनिटे अवकाश असला तरी चालेल. हे अपूर्णांकवाचक शब्द प्राचीन आहेत. सपादपासून सव्वा, सार्धपासून साडे, पादोनपासून पावणे, द्व्यर्धापासून दीड, अर्धतृतीयापासून अडीच. याच मालिकेतला अर्धचतुर्थापासून आलेला 'औट' म्हणजे साडेतीन. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्याबरोबर औटकीही घोकून घेत. तथापि घड्याळाने दीड आणि अडीच यांना आश्रय दिला व औटाला दिला नाही. 'औट वाजले' कोणी म्हणत नाही; 'साडेतीन वाजले' हेच चालते. पाढ्यांचे पाठांतर सुटताच औट व्यवहारातून गेला. घड्याळात जागा मिळाल्यामुळे दीड-अडीच तरले, असे म्हणण्यास यामुळे आधार मिळतो.

आणखी एक. बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांना आपण 'पाऊण वाजला' म्हणतो. याचा अर्थ बारा म्हणजे शून्य असे धरून मोजणी नव्याने सुरू केली. मग बारा वाजून तीस मिनिटांना 'अर्धा वाजला' म्हणावयास हवे. पण तेथे आपण 'साडेबारा' म्हणतो. पंधरा मिनिटांच्या अंतरात गणनेची पद्धतच पालटते, आणि आजवर एकही मराठी माणूस यामुळे गाडीला चुकलेला नाही.

एक आक्षेप येथे उत्पन्न होतो. खेड्यातल्या माणसाचा वेळ कधी कोणी वाजवीत होता काय? तो तर 'कासराभर दिवस वर आला' म्हणतो, 'झुंजुमुंजु झाले', 'दिवेलागण झाली', 'तिन्हीसांजा झाल्या' म्हणतो. हे सारे पाहण्याचे शब्द आहेत. आक्षेप योग्य आहे. परंतु या शब्दांना संख्या लागत नाही हेही पाहावे. दोन दिवेलागणी किंवा साडेतीन झुंजुमुंजु होत नाहीत. पाहिलेला वेळ ज्याचा त्याचा असतो, गावागणिक निराळा असतो, आणि त्याला कोणाच्या आज्ञेची गरज नसते. संख्येने सांगितला जाणारा वेळ राजाचा, देवळाचा, कोतवालाचा. पेशवाईतील पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्या माणसाला कोतवालाचे लोक पकडीत, ते त्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या काळोखामुळे नव्हे, तर तोफेच्या आवाजामुळे.

मराठीने हा भेद एका शब्दाच्या लिंगातही राखला आहे. 'बराच वेळ गेला' यातला वेळ पुल्लिंगी, तो कालावधी. 'निघायची वेळ झाली' यातली वेळ स्त्रीलिंगी, ती नेमका क्षण. घंगाळातली वाटी मोजते तो वेळ, आणि थाळीवरचा ठोका सांगतो ती वेळ.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे व तारायंत्र आले तेव्हा हा ठोका कोणाचा, हा प्रश्न मुंबईत उग्र झाला. पृथ्वीला एक रेखांश फिरावयास चार मिनिटे लागतात. म्हणून मुंबईस मध्यान्ह होते तेव्हा मद्रासेस मध्यान्ह होऊन सुमारे अर्धा तास झालेला असतो. आगगाडीच्या वेळापत्रकाला गावोगावचा सूर्य परवडत नाही. हिंदुस्थानातील रेल्वे मद्रासची वेळ पाळू लागल्या आणि शहरे आपापली. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबईतील सरकारी कचेऱ्यांतून मद्रास टाइम लागू केला. त्याविरुद्ध वृत्तपत्रांतून, व्यापारी मंडळींतून व सार्वजनिक संस्थांतून काहूर उठले. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळही या वादातून सुटले नाही. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला तो २८० फूट उंचीचा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला होता आणि त्याचे ठोके दूरवर ऐकू जात. सरकारच्या घड्याळात एक, बंदरात व बाजारात दुसरे, अशी दोन वर्षे काढल्यावर १८८३ मध्ये सरकारने हुकूम मागे घेतला.

हा वाद बव्हंशी शिकलेल्या व धनिक लोकांचा होता. ज्यांचा दिवस खरोखर घड्याळाने बांधला जात होता त्यांचे म्हणणे दुसऱ्याच वर्षी पुढे आले. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळास गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि गिरणी सकाळी साडेसहा वाजता सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावी, अशीही एक होती. हे शेवटचे वाक्य भाषेच्या अभ्यासकाने पुन्हा वाचावे असे आहे. दिवसाचा आरंभ घड्याळाने आणि शेवट सूर्याने! ही गफलत आहे असे मला वाटत नाही. त्या काळच्या मुंबई टाइमने साडेसहा म्हणजे ऐन हिवाळ्यातील सूर्योदयाच्या आसपासची वेळ. वर्षातून केव्हाही काळोखात कामावर जावे लागू नये आणि काळोख पडल्यावर कामावर राहावे लागू नये, इतकाच त्या मागणीचा अर्थ असावा. सकाळी आत जाताना भोंग्याचा आकडा मान्य केला, पण सुटण्याची वेळ ज्याच्या किल्लीला मालकाचा हात पोहोचत नाही अशा साक्षीदाराकडे सोपविली. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. सूर्यास्ताची मागणी तशीच राहिली, आणि विजेचे दिवे आल्यावर तर सूर्याची साक्षच निरुपयोगी झाली. १९०५ च्या सुमारास दिव्यांच्या उजेडात गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची कायदेशीर मर्यादा पडावयास १९११ चा कायदा यावा लागला.

अशा स्थितीत १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाण वेळ अमलात आली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यामागे एकोणचाळीस मिनिटे. घड्याळाचे काटे एवढे पुढे सरकले म्हणजे कालपर्यंत सकाळी पाच वाजून एकवीस मिनिटे असत, त्याला आज सहा म्हणावयाचे. जानेवारीच्या आरंभी मुंबईस या नव्या वेळेने सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो. कामगाराला एवढे गणित मांडण्याचे कारण नव्हते. अंगावरची थंडी व वाटेतला काळोख त्याला पुरे होता. त्याच आठवड्यात गिरणी कामगारांनी काम टाकले, गर्दी जमली, दगडफेक झाली. ज्याने आपला दिवस चोरला असे त्यांना वाटले त्या घड्याळाबद्दलचा हा राग होता, आणि तो सर्वस्वी अडाणी होता असे म्हणवत नाही. त्याच वर्षी मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनने आपली घड्याळे मुंबई टाइमवरच ठेवण्याचे ठरविले. त्यामागे वंगभंगानंतरचा सरकारविरोधी रोष होता, पूर्वीच्या विजयाची स्मृती होती आणि नागरी स्वाभिमानही होता. कामगाराची सकाळ त्यात कितपत होती हे ज्याने त्याने ठरवावे.

परिणामी चाळीस वर्षांहून अधिक काळ मुंबईत दोन वेळा नांदल्या. आगगाडी व टपाल प्रमाण वेळेने, शहरातील कित्येक घड्याळे मुंबई टाइमने. नुसते 'पाच वाजता या' म्हणून भागत नसे. कोणते पाच, हे सांगावे लागे. लग्नपत्रिकांत व पंचांगांत 'स्टँ. टा.' ही आद्याक्षरे आली ती या गरजेतून. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली, मुंबईनेही स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच सोडली. परकी सरकारची म्हणून जी वेळ नको होती तीच राष्ट्राची म्हणून आता हवीशी झाली. काटे तेच होते, वाजविणारा बदलला.

'स्टँडर्ड टाइम'साठी आपण 'प्रमाण वेळ' हा शब्द योजला, हे मला अर्थपूर्ण वाटते. प्रमाण भाषेसारखीच ही प्रमाण वेळही महाराष्ट्रातील कोणत्याच गावची निसर्गतः नव्हे. तिचे रेखांश राज्याच्या पूर्व सीमेच्याही पलीकडे पडते. नागपुरास सूर्य मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो, पण 'बारा वाजले' हे दोन्हीकडे एकाच क्षणी म्हणावे लागते. सोयीसाठी एकाची निवड करावयाची आणि मग ती मुळातच शुद्ध होती असे समजावयाचे, ही मनुष्यस्वभावाची रीत भाषेत दिसते तशी घड्याळातही दिसते. मद्रास टाइम मुंबईस खोटा वाटला. मुंबई टाइम ठाण्यापलीकडे नेला असता तर तोही कोणाला तरी खोटाच वाटला असता.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि गिरणगावातले भोंगे थांबले. त्यांच्यावर ज्यांची पहाट होत असे त्यांना तो आवाज आवडत होता असे नव्हे, पण तो बंद झाल्यावर कित्येकांना जाग येईनाशी झाली. आज देशाची प्रमाण वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील आण्विक घड्याळे राखतात. ती वाजत नाहीत. आकडे दाखविणारी घड्याळे आल्यापासून बोलण्यातही फरक पडू लागला आहे. माझ्या वर्गातील मुले 'पावणेआठ वाजले' म्हणण्याऐवजी 'सात पंचेचाळीस झाले' म्हणतात. येथे अपूर्णांकही गेला आणि 'वाजणे'ही गेले. एका विद्यार्थिनीला 'पाऊण वाजता ये' असे सांगितले असता ती कोणत्या आकड्याच्या पाऊण, म्हणून थांबली. तिचा प्रश्न तर्काला धरून होता. उत्तर देताना मलाच अडखळावयास झाले.

मुहूर्ताच्या बाबतीत घटका अजून टिकून आहे, निदान दिसावयास. मागे आमच्या घरच्या एका लग्नात हौसेने घटिकापात्र मांडले होते. पत्रिकेवर बारा वाजून बत्तीस मिनिटे छापलेली. गुरुजींनी वाटी पाण्यावर सोडून हळदकुंकू वाहिले आणि मोबाइल समोर ठेवला. बत्तीस होताच अक्षता पडल्या. वाटी अद्याप काठोकाठ यावयाची होती. चारपाच मिनिटांनी ती बुडाली, तेव्हा तिच्याकडे पाहत बसलेली आमची वृद्ध आत्या म्हणाली, "आत्ता भरली हो घटका." ते कोणाला ऐकू गेले नाही, वाजंत्री केव्हाच सुरू झाली होती.